जीवनघटनांची सूची आणि निवेदकाची भाषा

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधिकेसाठी तयार केलेली मराठी प्रश्नावली काही महिन्यांपूर्वी भाषेच्या तपासणीकरिता माझ्याकडे आणून दिली. 'गेल्या बारा महिन्यांत पुढीलपैकी ज्या घटना आपल्या आयुष्यात घडल्या असतील त्यांपुढे खूण करावी' अशी आरंभी सूचना, आणि तिच्याखाली दुःखाच्या, चिंतेच्या व धावपळीच्या घटनांची नामावळी, असे तिचे स्वरूप होते. अपेक्षा शुद्धलेखनापुरतीच होती. मी एक प्रत घरी नेली आणि सत्तरी ओलांडलेल्या माझ्या काकूंस भरावयास दिली. 'जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू' या ओळीशी येऊन त्या थांबल्या व म्हणाल्या, "सुतकातला लिहायचा, की जिव्हाळ्याचा?" त्या वर्षी भाऊबंदांपैकी एक गृहस्थ वारले होते. त्यांचे तोंडही काकूंनी वीस वर्षांत पाहिले नव्हते, परंतु सूतक दहा दिवस पाळले होते. ज्यांनी काकूंना लहानाचे मोठे केले त्या मावशीही त्याच वर्षी गेल्या होत्या. काकूंनी थोडा विचार करून भाऊबंदांसाठी खूण केली. मावशी 'आईकडच्या' म्हणून त्या ओळीत बसल्या नाहीत.

संशोधनाच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे एक महत्त्वाची घटना सांगावयाची राहून गेली, म्हणजेच निवेदन अविश्वसनीय ठरले. परंतु काकूंच्या स्मृतीत कोठेही उणेपणा नव्हता व लपवण्याचा हेतूही नव्हता; उणेपणा होता तो त्या ओळीत. ताणकारक जीवनघटनांविषयी लोक जे सांगतात त्यावर कितपत विसंबावे, या प्रश्नाची चर्चा गेली पन्नासाहून अधिक वर्षे प्रामुख्याने स्मरण-विस्मरणाचा प्रश्न म्हणून होत आली आहे. माझे म्हणणे असे की, या अविश्वसनीयतेचा बराच मोठा हिस्सा नामकरणाचा आहे; आणि तो स्मृतीच्या खात्यावर मांडला जात असल्यामुळे उपायही भलत्याच जागी शोधले जातात.

सूचीची वंशावळ सर्वपरिचित आहे. थॉमस होम्स व रिचर्ड राहे या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९६७ मध्ये ४३ घटनांचे एक कोष्टक प्रसिद्ध केले. त्यासाठी ३९४ व्यक्तींस असे सांगण्यात आले होते की, विवाहास ५०० अंक दिले आहेत असे धरून चालावे, आणि इतर प्रत्येक घटनेनंतर जीवनाची घडी पुन्हा बसवावयास त्या मानाने किती अधिक वा उणे श्रम पडतील ते अंकांनी सांगावे. सरासरीस दहाने भागून जे कोष्टक सिद्ध झाले त्यात पती वा पत्नीच्या मृत्यूस १००, घटस्फोटास ७३, विवाहास ५०, नोकरीवरून काढले जाण्यास ४७, सासरच्या मंडळींशी होणाऱ्या बेबनावास २९ आणि नाताळास १२ असे अंक पडले. वर्षभरातील घटनांच्या अंकांची बेरीज करावी व ती पुढील आजारपणाशी ताडून पाहावी, अशी ही सोपी योजना होय. तिचा मोह समजण्यासारखा आहे. एका कागदावर, दहा मिनिटांत, वर्गभर विद्यार्थ्यांकडून एक संख्या हाती येते, आणि संख्या हाती आली की तिच्यावर पुढील सर्व गणित करता येते. झोपेच्या व जेवणाच्या सवयींत झालेला बदल हाही या कोष्टकात 'घटना' म्हणून मोजला आहे. म्हणजे जो आजार पुढे शोधावयाचा त्याचीच लक्षणे आधी कारणांत मोजली जातात. हा आक्षेप जुना असून त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे, तेव्हा येथे त्याचा उल्लेख पुरे.

विश्वसनीयतेची परीक्षा कशी झाली ते पाहू. १९७९ साली जेन्किन्स, हर्स्ट आणि रोझ यांनी अमेरिकेतील हवाई वाहतूक नियंत्रकांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकाच कालखंडाविषयी त्याच माणसांस नऊ महिन्यांच्या अंतराने दोनदा विचारले होते, आणि दुसऱ्या खेपेस अंकांची बेरीज एक-तृतीयांशाहून अधिक घटली होती. यावरून लोक विसरतात हा निष्कर्ष सरळ वाटतो. आता याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवा. १९९१ च्या आखाती युद्धातून परतलेल्या ५९ अमेरिकन सैनिकांस साउथविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी परतल्यानंतर एका महिन्याने आणि पुन्हा दोन वर्षांनी १९ प्रश्नांची तीच यादी दिली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ८८ टक्के सैनिकांनी निदान एक उत्तर बदलले होते. आणि पहिल्या खेपेस न सांगितलेली निदान एक घटना दुसऱ्या खेपेस सांगणारे ७० टक्के होते. केवळ विस्मरण हेच कारण असते तर घटना गळाव्यात; येथे त्या वाढल्या. ज्यांस मानसिक त्रास अधिक होता त्यांच्या उत्तरांत ही वाढ अधिक दिसली, आणि स्मृती पुढील अवस्थेच्या रंगात रंगते हे संशोधकांचे अनुमान मला मान्य आहे. परंतु त्या यादीत जिवास 'अतिशय' धोका निर्माण होण्यासारखे प्रश्नही होते, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये. 'अतिशय' हा शब्द घटनेचे वर्णन करीत नाही. तो बोलणाऱ्याने दिलेला निवाडा आहे. महिन्याभरात दिलेला निवाडा दोन वर्षांनी माणसाने फिरवला, तर त्याने घटनेविषयी साक्ष बदलली असे म्हणता येईल काय?

आपल्याकडील प्रबंधिकांत या विवंचनेस फाटा देऊन एक सुलभ मार्ग काढलेला आढळतो. सूचीचे भाषांतर करावयाचे, शंभर-दोनशे उत्तरे गोळा करावयाची, क्रॉनबाख यांचा अल्फा गुणांक काढावयाचा आणि तो पुरेसा मोठा आला की 'साधन विश्वसनीय आहे' असे लिहून मोकळे व्हावयाचे. वस्तुतः हा गुणांक एकाच गुणाचे मापन करणारे प्रश्न परस्परांशी किती जुळतात ते सांगतो. चुलत्यांचा मृत्यू आणि घरातील चोरी यांनी परस्परांशी जुळावे असे कोणते कारण आहे? घटनांच्या सूचीत अल्फा मोठा आला तर समाधान मानण्याऐवजी संशय घ्यावयास हवा: एक तर एकच आपत्ती तीन ओळींत मोजली गेली असेल, किंवा उत्तर देणाऱ्याने कंटाळून सरसकट खुणा केल्या असतील. परीक्षक या ठिकाणी प्रश्न विचारीत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सूचीतील प्रत्येक ओळ म्हणजे एक नामसमूह असतो. त्यास काळ नसतो, कर्ता नसतो, आरंभ वा शेवट नसतो. माणसे आपले आयुष्य सांगतात ते मात्र क्रियापदांनी. नोकरीचेच उदाहरण घेऊ. मराठी माणूस 'नोकरी सोडली' म्हणतो, 'सुटली' म्हणतो, 'गेली' म्हणतो. 'काढले', 'कमी केले', 'घरी बसवले', 'राजीनामा द्यायला लावला' असेही म्हणतो. यांतील 'सोडली' मध्ये कर्ता स्वतः, 'काढले' मध्ये कर्ता मालक, आणि 'सुटली' व 'गेली' यांत कर्ताच नाही. नोकरी जणू आपल्या पायांनी निघून गेली. ही अकर्मक क्रियापदे उगाच वापरलेली नसतात. कोणी कोणास काय केले हे सांगणे अवघड असते, अपमानाचे असते, किंवा खरोखरच ठरवता येत नाही, तेथे भाषेने ही सोय करून ठेवली आहे. 'नोकरीवरून काढले जाणे' ही ओळ समोर आल्यावर ज्याची नोकरी 'सुटली' आहे त्याने काय करावे? आज त्याने खूण केली आणि सहा महिन्यांनी केली नाही, तर दोन्ही वेळा तो खरेच बोलत असतो.

हे केवळ व्याकरणाचे कोडे नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला व त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही. हळूहळू काही गिरण्या चालू झाल्या, काही झाल्या नाहीत. काही कामगारांस परत घेतले, पुष्कळांस घेतले नाही. कित्येक गावी गेले ते तिकडेच राहिले. अशा कामगाराची नोकरी कोणत्या दिवशी गेली? संपाच्या पहिल्या दिवशी, की गावाहून परतल्यावर फाटकावर नाव पुकारले गेले नाही त्या दिवशी, की आता पुन्हा जावयाचे नाही असे त्याने मनाशी ठरवले त्या दिवशी? 'संपात गेली' एवढेच तो सांगतो, आणि ते अचूक आहे. बारा महिन्यांच्या चौकटीत व कर्तृवाचक ओळीत ही घटना बसत नाही, म्हणून आयुष्य उलथून टाकणारी घटना सूचीत शून्य अंकांची होऊ शकते.

नातेवाचक शब्दांची अडचण याहून उघड आहे. सासरच्या मंडळींशी बेबनाव ही इंग्रजीतील एकच ओळ, पण तिचा मराठी अनुवाद स्त्रीसाठी 'सासर' आणि पुरुषासाठी 'सासुरवाडी' असा दोन शब्दांनीच करावा लागतो, आणि हे दोन शब्द एकाच वस्तूची दोन नावे नव्हेत. ज्या घरात दिवसरात्र राहावयाचे तेथील बेबनाव आणि सणासुदीस जेथे पाहुणा म्हणून जावयाचे तेथील बेबनाव यांस एकच अंक देणे हे मापन कसे म्हणावे? 'कुटुंब' या शब्दाने जुन्या पिढीतील पुरुष आपल्या पत्नीचा निर्देश करीत. 'कुटुंबातील व्यक्तीचा आजार' या ओळीवर एखादे वृद्ध गृहस्थ केवळ पत्नीचा विचार करतील हे अशक्य नाही. 'गर्भपात' या शब्दाने तर फारच घोटाळा होतो. पुस्तकी मराठीत तो आपोआप झालेल्या व करवून घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारांस लागतो. बोलण्यात मात्र अनेक स्त्रिया पहिल्यास 'पोट पडले' म्हणतात आणि 'गर्भपात' हा शब्द दुसऱ्यासाठी राखतात. ज्या स्त्रीचे पोट पडले तिने 'गर्भपात' या ओळीपुढे खूण केली नाही, तर ती विसरली असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

भारतीय परिस्थितीस अनुरूप अशी सूची करण्याचा प्रयत्न गुरमीत सिंग व त्यांच्या सहकारी संशोधिकांनी १९८४ मध्ये केला. ५१ घटनांच्या त्या सूचीत जोडीदाराच्या मृत्यूस ९५ आणि सहलीस वा तीर्थयात्रेस २० अंक आहेत. हुंड्यावरून होणारा वाद, मुलीचे वा अवलंबून असलेल्या बहिणीचे लग्न, ज्योतिषाचे भाकीत अशा खास आपल्याकडील घटनांस तीत स्थान आहे. आपल्याकडील बऱ्याच प्रबंधिका तिच्यावर उभ्या आहेत, आणि परकी सूची जशीच्या तशी उचलण्यापेक्षा हे शतपटीने चांगले, याविषयी दुमत नसावे. परंतु तिची भाषाही तपासून पाहण्यासारखी आहे. 'पत्नीचे गरोदरपण' अशी ओळ जेव्हा सर्वांसाठी म्हणून लिहिली जाते, तेव्हा वाचणारा पुरुष आहे असे सूचीने आधीच धरलेले असते. मुलीच्या व बहिणीच्या लग्नाच्या ओळीतही ज्याच्या शिरावर लग्न पडते तो बापभाऊच बोलतो. जिचे लग्न आहे तिची ओळ निराळी. दोष संशोधकांच्या हेतूचा नाही. नामसमूह निवडताना बोलणारा कोण हेही निवडले जाते, आणि याची जाणीव सूचीकारांस सहसा नसते.

आणखी एक गोष्ट खास आपल्या भाषेची. अशुभाचा उच्चार टाळण्याची आपली सवय फार खोलवर रुजलेली आहे. बांगडी 'वाढवते', दिवा 'शांत' होतो, माणूस 'जातो'. जुन्या वळणाच्या बाईस 'पतीचा मृत्यू' या शब्दांपुढे स्वहस्ते खूण करावयास सांगणे म्हणजे तिच्याकडून काय मागणे आहे, याचा विचार भाषांतरकाराने केलेला नसतो. याउलट 'म्हणे' हे एक लहानसे अव्यय पाहा. "धाकट्या दिरांनी म्हणे कर्ज काढलंय" या वाक्यात, ही माहिती ऐकीव आहे, माझी हमी नाही, असे बोलणारी स्पष्ट सांगते. सूचीत 'कुटुंबातील कर्ज' या ओळीपुढे एक तर खूण असते किंवा नसते. 'म्हणे' ला जागा नाही. एकाच घरातील पतिपत्नींच्या उत्तरांत जी तफावत दिसते, तिच्यातील काही भाग या गाळलेल्या 'म्हणे' चा असावा असा माझा तर्क आहे.

कालनिर्देशाविषयी पाश्चात्त्यांनी पुष्कळ विचार केला आहे. दूरची घटना जवळची वाटते व चौकटीत ओढली जाते, हा दोष सर्वेक्षण करणाऱ्यांस चांगला ठाऊक आहे. एलिझाबेथ लॉफ्टस व वेस्ली मारबर्गर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले की, 'गेल्या सहा महिन्यांत' असे विचारण्याऐवजी सेंट हेलेन्स पर्वताच्या १८ मे १९८० च्या उद्रेकापासून असे विचारले, तर ही ओढाताण कमी होते. आपल्या खेड्यांतून हे तत्त्व कोणी शिकवावयास नको. बहात्तरच्या दुष्काळात, किल्लारीचा भूकंप झाला त्या गणपतीत, असेच लोक सांगतात. मात्र खुणेची घटना नेमकी हवी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट नेमकी आहे. कोविडची 'टाळेबंदी' नाही, कारण ती २५ मार्च २०२० ला लागली तरी पुढे वेगवेगळ्या जिल्ह्यांत वेगवेगळी उठली व पुन्हा लागली. आणि 'गुदस्ता', 'तिगस्ता' म्हणणारा माणूस वर्षे मोजतो ती पीकपाण्याची; त्याच्या 'गुदस्ता'ची संशोधकाच्या बारा महिन्यांशी गाठ पडेलच असे नाही.

येथवर निवेदकाची बाजू घेतली. त्याच्याकडून जी खरी चूक होते तीही सांगितली पाहिजे. स्टॉट यांनी १९५८ मध्ये असे नोंदवले की, डाउन्स विकृती असलेल्या मुलांच्या मातांनी गरोदरपणातील मानसिक धक्के तुलनेसाठी घेतलेल्या इतर मातांपेक्षा अधिक सांगितले. तेव्हा धक्का हे कारण असावे. पुढच्याच वर्षी जेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, या विकृतीच्या मुळाशी एक अधिक गुणसूत्र असते. ते बहुधा बीजपेशी घडतानाच आलेले असते, गरोदरपणातील धक्क्याने येत नाही. त्या माता खोटे बोलल्या नव्हत्या. हे माझ्याच मुलाच्या वाट्यास का आले, या प्रश्नाने त्यांनी आपले नऊ महिने पुनःपुन्हा चाळले होते, आणि चाळणाऱ्यास काहीतरी सापडतेच. आपल्याकडे ग्रहणात विळी हाती घेतल्याची आठवण अशीच सापडते. सर फ्रेडरिक बार्टलेट यांनी स्मरणातील ज्या अर्थशोधाचे वर्णन १९३२ मध्ये केले होते, त्याचाच आधार घेऊन जॉर्ज ब्राउन यांनी सूचीपद्धतीवरील आपला आक्षेप मांडला. कोणती गोष्ट 'घटना' म्हणावयाची हे ठरवणे निवेदकाच्या हाती ठेवले, तर आजारी माणूस आपल्या आजाराचे स्पष्टीकरण म्हणूनच ते ठरवील, असा तो आक्षेप आहे. तो मला पटतो, आणि नामकरणाविषयीच्या माझ्या म्हणण्याशी त्याचा विरोध नाही. उलट नाव देण्याचे काम किती निसरडे आहे हेच त्यातून दिसते.

ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांच्या विषण्णतेचा जो अभ्यास १९७८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, त्यात यावर एक परिश्रमपूर्वक तोडगा आहे. खूण करावयास न सांगता दीर्घ मुलाखत घ्यावयाची. कोणते प्रसंग घटना म्हणून धरावयाचे याचे नियम आधी बांधावयाचे. घटनेभोवतालची परिस्थिती तपशिलाने लिहावयाची. आणि त्या स्त्रीस काय वाटले व ती आजारी आहे की नाही हे न सांगता परीक्षकांच्या मंडळाकडून त्या घटनेच्या भयावहतेचा दर्जा ठरवावयाचा. रुग्ण व त्याचा निकटचा आप्त यांना स्वतंत्रपणे विचारले असता सुमारे चार-पंचमांश घटनांविषयी त्यांचे एकमत झाले, ही सूचीपद्धतीस लाजवणारी गोष्ट आहे. याचे श्रेय संशोधक बहुधा मुलाखतकाराच्या प्रशिक्षणास देतात. मी ते निवेदकास वाक्य बोलू दिले यास देईन. "मग काय झालं?" असा प्रश्न विचारला की माणूस क्रियापदे वापरतो, आणि क्रियापदांबरोबर कर्ता, क्रम व काळ ही आपोआप येतात.

तरीही एक भोक राहतेच, आणि आपल्याकडे ते मोठे आहे. परीक्षकांच्या पुढे येतो तो मुलाखतीचा सारांश. घटना आजाराहून स्वतंत्र आहे की आजारामुळेच ओढवली, हा या पद्धतीतील कळीचा निर्णय असतो. मराठी मुलाखतीचा इंग्रजी सारांश करताना 'नोकरी सुटली' चे 'नोकरीवरून काढले' किंवा 'राजीनामा दिला' यांपैकी काहीतरी एक करावेच लागते, आणि हा निवाडा परीक्षकांऐवजी भाषांतर करणारा सहायक, बहुधा रात्री उशिरा, एकटाच देऊन टाकतो. विश्वसनीयतेचा कोणताही गुणांक तो पकडू शकत नाही, कारण सर्व परीक्षकांपुढे तोच सारांश असतो व त्यांचे एकमत उत्तम येते.

उत्तर कोणास दिले जाते याचाही परिणाम शब्दांवर होतो. महाराष्ट्रात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाची विचारपूस प्रथम शासकीय यंत्रणा करते. साहाय्यासाठी ते प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे कर्ज, नापिकी अशा कारणांवरून ठरते. संशोधक त्या घरी पोहोचतो तोवर ती हकीकत तलाठ्यापुढे, पोलिसांपुढे, वार्ताहरांपुढे सांगून झालेली असते. कर्ज, नापिकी, मुलीच्या लग्नाची चिंता, घरातील अबोला ही एकाच गुंत्याची टोके असतात. त्यांतील कोणते टोक आधी धरावयाचे हे विचारणाऱ्याने शिकवलेले असते. अशा निवेदनास खोटे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि ते मूळचे, अस्पर्श आहे असे समजून त्याची टक्केवारी काढणे भोळेपणाचे. संशोधकाने निदान एवढे लिहून ठेवावे की, ही हकीकत त्या घराने याआधी कोणाकोणास व कशासाठी सांगितली होती. असा रकाना मी पाहिलेल्या एकाही मराठी प्रश्नावलीत नाही.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नावलीत आम्ही शेवटी फार थोडे बदल केले. नातेवाचक ओळी फोडल्या. 'गर्भपात' काढून दोन निराळ्या ओळी घातल्या. प्रत्येक खुणेखाली 'काय झाले ते आपल्या शब्दांत एका वाक्यात सांगा' अशी जागा ठेवली, आणि ते वाक्य मराठीतच, क्रियापद न बदलता, संकेतन होईपर्यंत जपावयाचे असे ठरवले. त्यामुळे नमुन्याची संख्या निम्म्यावर आली व मार्गदर्शकांनी नाराजी दाखवली. ती अवाजवी नव्हती. सुधारलेली प्रत काकूंनी पुन्हा भरली. या वेळी मावशींपुढे खूण होती आणि खाली वाक्य होते : "मावशी गेली, पण मला दोन दिवसांनी कळवलं." भाऊबंदांच्या ओळीपुढे त्यांनी आता काही लिहिले नव्हते. विचारले तेव्हा म्हणाल्या, "त्यांचं काय, ते तर गुदस्ता वारले." घरातील कागदपत्रे काढून तारीख पाहिली, त्यास अकरा महिने झाले होते.